मुहूर्तापुरती चावी

पुरात बुडालेली गाडी डोळ्यांना ओळखू येत नाही, नाकाला येते. विकणाऱ्याने ती धुऊनपुसून, पॉलिश करून, नवी सीटकव्हरं घालून नवरीसारखी सजवलेली असते. पण काचा वर करून, दारं लावून आत नुसतं गप्प बसलं की हळूहळू एक वास वर येतो. ओलं गोणपाट कोपऱ्यात विसरलं की येतो तसा. विकणारा हुशार असेल तर तो आधीच आत अगरबत्ती फिरवतो किंवा अत्तराची बाटली टांगतो. त्यामुळे गाडीत सुगंध जितका जास्त, तितकी माझी शंका मोठी.

बडोद्यात गाड्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. आधी मकरपुऱ्यात दुसऱ्याच्या शेडमध्ये, मग छाणीला स्वतःच्या. मराठी गिऱ्हाइकं मला मनोहरकाका म्हणतात, गुजराती मनोहरभाई म्हणतात, आणि बिल पाहिल्यावर दोघंही सारखंच तोंड करतात. या अंकाच्या संपादकांनी मला मगरीवर लिहायला सांगितलं होतं. बाहेरगावच्या माणसाला बडोदं म्हटलं की विश्वामित्री नदीतली मगरच आठवते, आणि पुरातल्या गाड्या दुरुस्त करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "गाडीतून कधी मगर निघाली का हो?" नाही निघाली. एकदा एका डिकीतून कासव निघालं. मालक ते कौतुकाने घरी घेऊन गेला आणि गाडी मात्र माझ्याच दारात महिनोन्महिने ठेवली. दुसऱ्या एका गृहस्थांची गाडी गळ्यापर्यंत बुडाली होती. ते म्हणाले, "बाकी काही करू नका, फक्त हॉर्न सुरू करून द्या, म्हणजे विकता येईल." त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या छाणीला ठाऊक आहे, पण त्या दिवशी ती मी आवरली.

तर मगर बाजूला ठेवू. मी एका पिवळ्या गाडीचं सांगतो, जिने भर दसऱ्याच्या दिवशी माझी गाळण उडवली होती.

गाडी घेऊन आली ती वैदेही. चाळिशीची बाई, नंदेसरीला रसायनांच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. राहायला मकरपुऱ्याच्या बाजूला, म्हणजे रोज सगळं शहर ओलांडून, माझ्या गॅरेजवरून पुढे जाणार. तिची आधीची गाडी माझ्याकडेच यायची. साधी, पांढरी, शहाणी गाडी. त्या दिवशी मात्र ती दारातूनच म्हणाली, "काका, एक गाडी दाखवायची आहे. पण आधी कबूल करा, हसायचं नाही."

मी बाहेर आलो आणि हसलो नाही, कारण हसू सुचलंच नाही. पिवळीधमक, दोन दारांची, दोनच सीटांची, जमिनीला चिकटून बसलेली स्पोर्ट्स कार. बाहेरून आयात झालेली, वयाने बरीच मोठी, पण अंगाने अजून नेटकी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दोष गाडीचा नव्हता.

"विकत घेतलीस?"

"अजून नाही. बोलणं झालंय. इथल्याच एका विकणाऱ्याकडे आहे. चालवून बघा म्हणाला, म्हणून आधी तुमच्याकडे आणली."

"दोनच सीट?"

"घरात आम्ही दोघीच आहोत काका, आई आणि मी. माझ्या मागच्या सीटवर इतकी वर्षं फक्त भाजीच्या पिशव्या बसल्या."

मी आत बसलो. आत मोगऱ्याचा घमघमाट होता. माझं तोंड तिथेच कडू झालं. मग मी सीटबेल्ट ओढला. बेल्ट सगळेच ओढून बघतात, पण छातीपर्यंत. मी तो शेवटपर्यंत, पार थांबेपर्यंत ओढतो. धुणारा माणूस दिसतो तेवढाच पट्टा धुतो, गुंडाळीत राहिलेला भाग तसाच असतो. आणि तिथे, काळ्या पट्ट्यावर, गाळाची मातकट रेघ स्पष्ट दिसत होती. पाणी सीटच्या वर चढलं होतं.

"एवढ्या कमी किमतीत का मिळतेय ते कळलं का?" मी म्हटलं. "विश्वामित्रीत न्हाऊन आलीय. घेऊ नकोस."

वैदेही थोडा वेळ त्या रेघेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत होतं. मी दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, मास्क लावा, पळू नका, असं सांगत असते. घरी शहाणी गाडी, ऑफिसात शहाणं बोलणं. कॉलेजात असल्यापासून मला अशी एक गाडी हवी होती काका. नवी मला कधी परवडणार नाही. ही दुरुस्त होईल का, एवढंच सांगा."

हा प्रश्न विचारला की मेकॅनिक फसला. "घेऊ का?" म्हटलं तर तो शंभरदा नाही म्हणेल, पण "दुरुस्त होईल का?" म्हटलं की त्याच्या तोंडातून नाही निघत नाही. मी म्हटलं, होईल. पण एका गोष्टीची खात्री पटली तर.

ती गोष्ट अशी. पाण्यात गेलेल्या गाडीची वायरिंग खराब होते, ब्रेक गंजतात, हे सगळं वेळ घालवला की बरं होतं. इंजिनात पाणी गेलं तरी इंजिन मरत नाही. ते सावकाश रिकामं करावं, वाळवावं, ऑइल दोन-तीनदा बदलावं, की पुन्हा उभं राहतं. मरतं ते पाण्यासकट सुरू केल्यावर. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबली जाते, पण पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि त्याला खालून ढकलणारा लोखंडी दांडा, ज्याला आम्ही कनेक्टिंग रॉड म्हणतो, तो वाकतो. पुष्कळ वाकला तर इंजिन तिथेच बंद पडतं, आणि ते एका अर्थी बरं. पण जरासाच वाकला, तर पाणी काढल्यावर इंजिन पुन्हा गुमान चालतं. काही महिने चालतं. मग एखाद्या दिवशी, बहुधा वेगात असताना, तो दांडा तुटतो, इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो, ऑइल चाकांखाली सांडतं आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. नंदेसरीच्या रस्त्यावर पुढे-मागे रसायनांचे टँकर असतात. बाकी मी सांगायला नको, वैदेहीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून प्रश्न एकच होता. पाणी आत असताना ही गाडी कोणी सुरू केली होती का?

विकणाऱ्याने कुरकुर करत मूळ मालकाचा नंबर दिला. रमाकांतराव, निवृत्त प्राध्यापक, बडोद्यातलं जुनं मराठी घर. गाडी त्यांच्या मुलाची, मुलगा परदेशी गेलेला. मी सरळ विचारलं, आणि त्यांनीही सरळ उत्तर दिलं. "नाही हो, सुरू नाही केली. पाण्यातली गाडी सुरू करायची नाही, एवढं आम्हालाही समजतं ने. क्रेनवाल्याला बोलावलं आणि उचलूनच मेकॅनिककडे पाठवली." आवाजात आढेवेढे नव्हते. उलट गाडी कोणाकडे चाललीय, नीट सांभाळतील ना, असं त्यांनीच मला विचारलं. या धंद्यात खोटं बोलणारा माणूस मला फोनवरही कळतो. रमाकांतराव खोटं बोलत नव्हते, आणि हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

वैदेहीने गाडी घेतली.

मग कामाला लागलो. माझ्याकडे जयंती नावाचा वायरमन आहे, माझ्याच वयाकडे झुकलेला. त्याने डॅशबोर्ड उतरवला आणि मला हाक मारली, "मनोहरभाई, जुओ तो खरा, बधुं लीलुं थई गयुं छे." बघतो तर वायरींच्या जोडांवर हिरवा थर चढलेला. ते एकेक जोड साफ करायला, कापायला, पुन्हा जोडायला जयंतीने जी चिकाटी लावली तिला तोड नाही. गालिचा फेकला, सीट उघडून वाळवल्या, ब्रेक चारही चाकांचे नवे केले. गाडी खाली घासू नये म्हणून स्प्रिंगही बदलल्या. बडोद्याच्या सोसायट्यांच्या दारातले बम्प बांधणाऱ्यांनी डोळ्यांसमोर उंट ठेवलेला असतो, आणि स्पोर्ट्स कारवाल्याला त्याच दारातून रोज आत-बाहेर करायचं असतं.

मधेच एक दिवस वैदेहीची आई, मालतीकाकू, रिक्षाने गाडी बघायला आल्या. सत्तरीच्या, ताठ, नऊवारी सोडून पाचवारीत आलेल्या पण हुकूम नऊवारीचाच. गाडीत बसताना त्या आधी दचकल्या. मी म्हटलं, "पाटावर बसल्यासारखं बसा काकू." त्या बसल्या आणि म्हणाल्या, "मांडी घालायला जागा नाही, एवढंच. बाकी ठीक आहे. दसऱ्याचा मुहूर्त मी बघून ठेवलाय."

दसरा जवळ येत होता आणि मला ती गाडी पचत नव्हती.

इंजिन चालत होतं. छान चालत होतं. पण उभं असताना एक बारीक हादरा होता. डोळ्यांना दिसत नव्हता, कानालाही नाही, पण गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की तळहाताला कळायचा. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती बदलली. हादरा कमी झाला, गेला नाही. चारही सिलिंडरचा दाब मोजला. तिसऱ्याचा बाकीच्यांपेक्षा थोडा कमी. जुन्या गाडीत असं असतं. रिंगा झिजतात, बरेच दिवस उभी राहिली की चिकटतात. कारणं दहा सांगता येतात, आणि मी स्वतःला दहाही सांगितली.

शेवटी वैदेहीला म्हटलं, "इंजिन उघडू."

"किती लांबेल?"

"सुटे भाग बाहेरून मागवावे लागतील. दिवाळी त्यातच जाईल."

ती खुर्चीत मटकन बसली. जुनी गाडी विकून झाली होती. कंपनीची बस तिच्या वेळेला नव्हती, आणि कारखान्यात अलार्म वाजला की तिला वेळी-अवेळी निघावं लागायचं. इतके दिवस कोणाकोणाच्या गाडीत बसून जात होती. "काका, वाकलेल्या रॉडचीच भीती ना तुम्हाला? पण रमाकांतराव म्हणाले ना, सुरू केली नव्हती. मग कशासाठी उघडायचं? मला एक कारण द्या, मी थांबते."

माझ्याकडे कारण नव्हतं. तळहाताला काहीतरी वाटतंय, हे काही कारण नव्हे. एका बाजूला माझा हात आणि दुसऱ्या बाजूला एका सज्जन माणसाचा शब्द. ठरलं असं की दसऱ्याला गॅरेजातच पूजा करायची, मग मी ताजं ऑइल भरून फेरी मारायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेहीने ती घेऊन नंदेसरीला जायचं.

त्या फेरीबद्दल सांगायला हवं. ब्रेक किंवा इंजिनाचं काम केलेली गाडी मी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी माझ्या बायकोला, नलिनीला, शेजारी बसवून नंदेसरीच्या रस्त्याला एक चक्कर मारतो. लोकांना वाटतं म्हातारा फुकटात बायकोला हिंडवतो. तसं नाही. मनात किंतू असेल तर मला तिला "बस" असं म्हणताच येत नाही. स्वतःची समजूत घालता येते, घरच्या माणसाला गाडीत बसवताना नाही येत. ती माझी शेवटची तपासणी आहे आणि आजवर ती मी एकदाही चुकवलेली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नलिनीने विचारलं, "मग उद्या मी किती वाजता येऊ?"

"बघू," मी म्हटलं.

तिने हातातली भाजी खाली ठेवली. "बघू म्हणजे? आजपर्यंत कधी बघू म्हणाला नाहीत."

मी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

दसऱ्याला सकाळी गॅरेज झेंडूने भरून गेलं होतं. नट आवळायचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक, सगळी हत्यारं धुऊन, कुंकू लावून बाकावर मांडली होती. जयंतीने रिवाजाप्रमाणे फाफडा-जिलेबी आणली होती. पिवळी गाडी मधोमध उभी होती. तिचं जुनं ऑइल मी सकाळीच काढून टाकलं होतं, पूजा झाली की ताजं भरणार होतो. दिवे तपासायचे म्हणून जयंतीने बॅटरी जोडलेली होती आणि चावी तशीच लावून ठेवली होती.

मालतीकाकू ठेवणीतली पैठणी नेसून आल्या. हातात ताट. त्यात नारळ, हळदकुंकू, निरांजन, आणि एका बाजूला आपट्याच्या पानांची जुडी, सगळ्यांना सोनं वाटायला. वैदेहीने चाकांखाली लिंबं ठेवली. मी आधीच सांगितलं होतं की गाडी सुरू करायची नाही, आम्ही ढकलून लिंबांवरून नेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. काकूंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, ओवाळलं, मग स्टिअरिंगला कुंकू लावायचं म्हणून दार उघडून चालकाच्या सीटवर बसल्या. ताट मांडीवर घेतलं. कुंकू लावलं. आणि मी बघतोय तर त्यांचा उजवा हात चावीकडे गेला.

"काकू, हात काढा!"

माझा आवाज शेडच्या पत्र्यावर आदळला. काकू दचकल्या, ताट कललं आणि कुंकवाचा करंडा त्यांच्या पैठणीवर उपडा झाला. निरांजन विझलं. जयंती हातात जिलेबी घेऊन तसाच उभा राहिला. दसऱ्याच्या दिवशी कुंकू सांडलं होतं.

"ओरडता काय माझ्यावर?" काकूंचा आवाज कापत होता, पण तो भीतीने नाही, अपमानाने. "मी काय गाडी पळवत होते?"

"आत ऑइलचा थेंब नाही काकू. सुरू करायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"सुरू कुठे करत होते? मुहूर्तापुरती चावी फिरवत होते. पूजेच्या वेळी इंजिनाचा आवाज नको का व्हायला? क्षणभर फिरवायची आणि बंद करायची. त्याला काय कोणी सुरू केली म्हणतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो.

त्याला काय कोणी सुरू केली म्हणतं?

काकू खोटं बोलत नव्हत्या. मी सुरू करू नका म्हटलं होतं, त्यांनी मान डोलावली होती, आणि त्यांच्या लेखी त्यांनी तो शब्द मोडलाही नव्हता. मुहूर्त हा मुहूर्त. तो सुरू करण्यात धरायचाच नसतो. आणि असं मानणारं बडोद्यातलं हे एकच घर नव्हतं.

माझ्या हातांना ऑइल होतं, म्हणून मी वैदेहीला म्हटलं, "रमाकांतरावांना फोन लाव. स्पीकरवर."

फोन लागला. दसऱ्याच्या शुभेच्छा झाल्या. मी विचारलं, "काका, गेल्या वर्षी पूर ओसरला आणि पाठोपाठ गणपती आले. तेव्हा गाडीची पूजा केली होतीत?"

"हा ने, केली ने! पोराची गाडी, त्यात एवढं संकट येऊन गेलेलं. म्हटलं, बाप्पासमोर एक नारळ तरी फोडू."

"आणि मुहूर्त?"

"मुहूर्त केला हो. म्हणजे सुरू नाही केली, ते मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं. पूजेला आवाज व्हावा म्हणून फक्त चावी फिरवली. जरासं भुर्र झालं आणि धप्प करून आपोआप थांबली. मी लगेच चावी काढून घेतली. क्रेन दुसऱ्या दिवशी आली ने."

ते भुर्र म्हणजे इंजिन पेटलं होतं. पेटल्याबरोबर त्याने हवेच्या नळीत साचलेलं पाणी ओढून घेतलं, आणि ते धप्प म्हणजे पिस्टन त्या पाण्यावर आपटला होता. माझ्या तळहाताला इतके दिवस जे कळत होतं, ते हेच होतं.

"का हो, काय झालं?" रमाकांतरावांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "कोणाला लागलं तर नाही ने?"

"नाही काका," मी म्हटलं. "अजून कोणालाच नाही."

वैदेहीने फोन ठेवला. ती गाडीकडे नाही, आईकडे बघत होती. मालतीकाकू सावकाश गाडीतून उतरल्या, पैठणीवरचं कुंकू झटकलं, ताट उचललं आणि बाहेर जाऊन रिक्षात बसल्या. आपट्याची पानं ताटात तशीच गेली. मी त्यांना हाक मारायला हवी होती, पण मी आधी गाडीची चावी काढून खिशात घातली. भीती मला वेळेवर कधी वाटत नाही, सगळं टळून गेल्यावर वाटते.

इंजिन उघडलं. माझ्या टेबलावर एक जाड काच आहे, तिच्यावर चारही रॉड आडवे ठेवले. तीन गप्प पडून राहिले. तिसऱ्या सिलिंडरचा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, तो बोट लावलं की डुगडुगत होता. आणि त्याच्या कमरेपाशी एक चीर होती, दिसणार नाही इतकी बारीक. वैदेहीने तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

"म्हणजे कधी गेला असता?" तिने विचारलं.

"उद्या किंवा संक्रांतीला. ते कोणी सांगू शकत नाही."

तिने तो रॉड उचलून हातात तोलला. मग म्हणाली, "आमच्याकडे काही बिघडलं की मी कामगारांना विचारते, वेगळं काही केलं होतं का? सगळे म्हणतात, नाही मॅडम. आता मी विचारणार, नेहमीसारखं काय काय केलं?" तिने रॉड फडक्यात गुंडाळला. "हा मी आईला दाखवायला नेते."

दिवाळी गेली. सुटे भाग रडतखडत आले. इंजिन मी स्वतः बांधलं, कोणाला हात लावू दिला नाही. रमाकांतराव मधून मधून फोन करून विचारायचे, "झाली का हो आपली गाडी?" मी मुद्दाम त्यांना चारचौघांसारखं हसून उत्तर द्यायचो, कारण त्यांचा आवाज अजून पूर्वीसारखा झाला नव्हता. गाडी तयार झाली तेव्हा कमूरता लागलेला होता. उत्तरायणापर्यंतचा, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा हा महिना गुजरातेत कोणी नवं काम करत नाही, वाहन तर नाहीच. बडोद्यातल्या मराठी घरांनीही हे कधीच आपलंसं केलंय. मी वैदेहीला म्हटलं, "उत्तरायणानंतर ने. काकूंना पुन्हा दुखवायला नको."

दुसऱ्याच दिवशी गॅरेजसमोर रिक्षा थांबली. वैदेहीबरोबर मालतीकाकू उतरल्या. साधी सुती साडी, हातात ताट नाही, नारळ नाही, फक्त एक पर्स. नलिनी तेव्हा शाल घेऊन गाडीपाशी उभीच होती. आदल्या दिवशी तिने विचारलं होतं तेव्हा मी "बघू" न म्हणता "दहाला ये" म्हटलं होतं.

"नलिनीताई," काकू म्हणाल्या, "तुमची जागा आज मला द्या."

मी म्हटलं, "काकू, ही तपासणीची फेरी आहे. शिवाय कमूरता चालू आहे."

"ठाऊक आहे. पंचांग माझ्याच घरात आहे. तुमच्या रीतीला घरचं माणूस लागतं असं वैदेही म्हणाली. मग आज मला घरचं समजा."

नलिनीने दार उघडून धरलं. काकू पाटावर बसाव्या तशा बसल्या आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. गिअरवर हात ठेवला. तळहाताला काही कळलं नाही, आणि काही न कळण्याचं एवढं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

नंदेसरीच्या रस्त्याला लागलो. टँकर होतेच. एक पुढे, एक मागे, एक अंगावरून हॉर्न देत गेला. त्या गाडीतून टँकरचं चाक आपल्या डोक्याच्या वर दिसतं. मी वेग वाढवला तशी काकूंनी पर्स अजून घट्ट धरली. रॉड नवा होता, प्रत्येक बोल्ट मी स्वतः आवळला होता, तरीही कान तिसऱ्या सिलिंडरकडे लागलेला. टँकरला मागे टाकलं, पुढे रस्ता मोकळा झाला आणि गाडी अशी एकसंध पळाली की मी म्हातारपण विसरलो. काकूंनी ती पकड जाताना रस्ताभर सोडली नाही. परतताना मात्र त्यांनी पर्सवरचा एक हात काढून गुडघ्यावर ठेवला.

गॅरेजात येऊन इंजिन बंद केलं. वैदेही आणि नलिनी धावत आल्या, पण काकू उतरल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली आणि कागदाची एक पुडी काढली. आत आपट्याची पानं होती. दसऱ्याची. वाळून कडक झालेली, एकदोन तर कडेने मोडलेली.

"तेव्हा द्यायची राहिली होती," त्या म्हणाल्या.

माझा हात ऑइलने काळा होता. मी तो पॅंटला पुसला आणि पुढे केला. काकूंनी पानं तळहातावर ठेवली आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आणि मनोहरराव, वेळ आली की असेच ओरडत जा."